शिंप्याची नजर

गुत्त्याचं दार ढकलून एझ्रा आत आला आणि सवयीप्रमाणे त्यानं डोळे बारीक करून एकेकाला खांद्यापासून टाचेपर्यंत न्याहाळलं. फिरता शिंपी तो. गिऱ्हाइकाचं माप आधी नजरेनंच घ्यायचा.

पियानो थांबला. "शेरीफ मेल्यावर आपण बोलावलेला बंदूकबाज हाच!" गुत्तेवाला कुजबुजला. आजवर एझ्राला पाहून कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती; आज अख्खा गुत्ता भिंतीकडे सरकला. वर फुकटात मांसाचं ताट आलं. आधी जेवू, मग खरं काय ते सांगू, असं त्या भुकेल्या शूरवीरानं ठरवलं.

तेवढ्यात शेरीफला मारणारा दरोडेखोरच दारात उभा राहिला. "तूच का तो?"

एझ्राची पाचावर धारण बसली. घाबरला की त्याला धंद्यापलीकडे काही सुचत नसे. "छाती बेचाळीस," त्याला वरखाली न्याहाळत तो पुटपुटला, "उंची सहा फूट. काळ्या कापडात शोभून दिसाल."

दरोडेखोर पांढराफटक पडला. आपल्या शवपेटीचं माप चाललंय असं वाटून तो आल्या पावली फिरला आणि घोड्यावर बसून पसार झाला.

"अहो, मी साधा शिंपी आहे!" एझ्रा ओरडत राहिला.

"काय हा विनय!" म्हणत गावानं मेलेल्या शेरीफचा कोट त्याच्या अंगावर चढवला. कोट अगदी त्याच्याच मापाचा होता. फक्त छातीवर डावीकडे एक भोक होतं. एवढं तर रफू करू, म्हणून एझ्रानं सुई काढली. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्यात दोरा जाईना.