कॉलरच्या आत

म्हाताऱ्या सिल्वेरिओच्या गळ्याभोवती कापड बांधायला नाईक एव्हेलिओने त्याची कॉलर मागे ओढली आणि त्याचे हात थबकले. दोन्ही खांद्यांवर काळपट घट्टे. पट्ट्यांचे.

एव्हेलिओ पलटणीचा न्हावी. महिन्यातून एकदा पलटण डोंगरातल्या आल्तो बोनितो गावच्या शाळेसमोर तंबू ठोकी. जंताच्या गोळ्या, विदूषकाच्या वेषातला एक शिपाई आणि फुकट हजामत. लोकांची मनं जिंका, असा वरून हुकूम होता. न्हाव्याला हुकूम जरा जास्तीचा होता. कप्तान ऊर्रेगो अकादमीत तीन वर्षं टेकड्या कशा जिंकायच्या ते शिकून आला होता आणि इथे टेकडी कुणालाच नको होती. "आपल्या आज्यांचा शत्रू बरा होता," तो म्हणे. "गणवेश घालून समोर यायचा. आताचा शर्टाच्या आत असतो. बंडखोरांच्या पिशव्या वाहून खांद्यावर पट्टे उठतात. तू फक्त कॉलर उघड."

मागच्या महिन्यात एव्हेलिओने येसिद नावाच्या तरण्या पोराची कॉलर उघडली होती आणि कप्तानाकडे पाहून होकाराची मान हलवली होती. पोराला ट्रकमध्ये चढवलं. चार दिवसांनी कप्तानाच्या नावावर एक मेलेला बंडखोर जमा झाला आणि वरून शाबासकीचं पत्र आलं.

"का रे, हात का थांबले?" सिल्वेरिओ म्हणाला. "उवा सापडल्या की काय?"

"सापडल्या तर सरकारजमा करा!" रांगेतली एक बाई म्हणाली आणि रांग हसली.

"काका, हे खांद्यावर काय?"

"पंप, दुसरं काय! कॉफीवर औषध मारायचा. वीस लिटरचा. तीस वर्षं पाठीवर वाहतोय. या डोंगरात कुणाचाही शर्ट काढ, हेच दिसेल. आमच्या येसिदचे खांदे तर सोलून निघायचे. नवखा ना."

कात्री हवेतच मिटली.

"तूच कापले होतेस की त्याचे केस. झकास कापलेस. मग तुमच्या लोकांनी चौकशीला नेलं. साहेबाला विचारशील का, कुठल्या छावणीत ठेवलाय? त्याची आई रोज त्याच्या वाटचं गुळाचं पाणी झाकून ठेवते." म्हाताऱ्याने मान पुढे झुकवली. "आणि हे बघ, फार बारीक नको करूस. पोरगं आलं की बापाला ओळखलं पाहिजे."

एव्हेलिओने कापले. फार बारीक केले नाहीत. मानेवरचे केस झटकले आणि म्हाताऱ्याच्या कॉलरचं बटण स्वतःच्या हाताने लावलं. म्हाताऱ्याने आभार मानले. ते त्याला ऐकवेनात.

कप्तान जवळ आला. "खांदे?" त्याने हळूच विचारलं.

"पंपाचे आहेत साहेब. फवारणीच्या. इथे सगळ्यांनाच उठतात."

"मग मागच्या वेळी का नाही बोललास?"

"मागच्या वेळी मी त्या पोराला विचारलंच नाही, साहेब."

कप्तानाने रांगेकडे पाहिलं, टोपी नीट केली. "म्हाताऱ्याला जाऊ दे. पण हे पुन्हा बोलू नकोस. अहवाल वर गेलाय."

एव्हेलिओने कापड झटकलं. पुढचा माणूस खुर्चीत येऊन बसला होता आणि न्हाव्याला त्रास नको म्हणून शर्टाचं वरचं बटण त्याने आपणहूनच सोडून ठेवलं होतं.