खाडीत पोहणारा कैदी

दुपारच्या जेवणानंतर कारागृह झोपलं आणि स्वतंत्र तपासणी मंडळाच्या हेमलता दिघे कपाळाला तार लावून कैद्यांच्या स्वप्नांत शिरल्या.

पहिल्या तीन स्वप्नांत भिंतींना ताजा चुना होता आणि कैदी हसतमुखाने शिरा खात होते. अधीक्षक खरमाटेंनी आठवडाभर तालीम घेतली होती. जनार्दन भोईर मात्र शिरा सोडून खाडीत पोहायला गेला होता, अर्थातच सदरा काढून. पाठभर वळ होते.

"आयला, सदरा राहिलाच!" तो पाण्यातून म्हणाला. "मॅडम, साहेबांना कळलं तर जिवंत ठेवणार नाहीत."

दिघेबाई उठल्या. खरमाटे चहा घेऊन उभेच होते.

"भोईरला मी घेऊन जातेय."

"न्या की. उठवतो त्याला."

"हात लावू नका!"

कायद्याने कैदी झोपेत असेपर्यंतच मंडळाच्या ताब्यात असे. जाग आली की खरमाटेंच्या.

शेवटी भोईरला गादीसकट उचललं. दोन टोकं शिपायांनी धरली, तिसरं बाईंनी आणि चौथं, नाइलाजाने, खरमाटेंनी. गादी डुलत डुलत फाटकाशी आली.

"फाटक तेवढं फार करकरतं हं, मॅडम!" खरमाटे मुद्दाम मोठ्याने म्हणाले.

भोईर तोवर खाडीच्या पार मध्यावर पोचला होता. तिथे काठावरचं काही ऐकू येत नाही.