जाळीच्या दाराची वजावट

"ही हत्यारं घरी वापरतोस का?" लोकांची कराची विवरणपत्रं भरून देणाऱ्या व्होला पापासने चष्म्यावरून विचारलं.

"छे!" गॅविन म्हणाला. "कामाची हत्यारं ती. घरी हातसुद्धा लावत नाही."

"मी साक्षीला आहे," शेजारी बसलेली त्याची बायको लिनेट म्हणाली. "तीन वर्षांत याने घरात एक खिळा ठोकला असेल तर शपथ."

गॅविन ट्रेलोर पोर्ट पिरी या गावात एका बांधकाम कंत्राटदाराकडे सुतार होता. पगार मालकाचा, हत्यारं मात्र पदरची. धंद्याची रीतच तशी. यंदा विजेची करवत, खिळे मारायचं मशीन, ड्रिल असं बरंच काही घेतलं होतं, आणि सगळ्या पावत्या लिनेट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून घेऊन आली होती. त्याच्या स्वतःच्या घराचं मागचं जाळीचं दार मात्र तीन वर्षं बिजागरीतून निखळून लोंबत होतं. गावातल्या झाडून सगळ्या माशा लिनेटच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला होत्या. विषय निघाला की गॅविन म्हणे, "ती हत्यारं कामाची आहेत गं," आणि सोफ्यावर आडवा होई.

"मग हत्यारांच्या खर्चाची पूर्ण वजावट मिळेल," व्होला म्हणाली. "घरी वापरली असतीस, तर तेवढा हिस्सा कापावा लागला असता."

गॅविनला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं आळसापोटी तो जे बोलत होता, तो चक्क कायदा निघाला!

"ऐकलंस? दाराला हात लावला की सरकार पैसे कापतं. मी काय उगाच बसून होतो?"

लिनेट व्होलाकडे वळली. ती भांडली असती तर गॅविनला बरं वाटलं असतं.

"व्होला," ती म्हणाली, "एक दुपार वापरली तर किती कापतील?"

"एकच दुपार?"

"एकच दार आहे."

व्होलाने गॅविनच्या वडिलांचीही विवरणपत्रं भरली होती, आणि थट्टेतला हिशेबही ती नेमकाच करी. तिने वर्षाच्या वजावटीला कामाच्या दिवसांनी भागलं, त्यातला अर्धा दिवस काढला, त्यावरचा कर काढला.

"पुढच्या वर्षी तुमचं नुकसान होईल एक डॉलर साठ सेंट."

लिनेटने पर्स उघडली. दोन डॉलरचं नाणं टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने नवऱ्याकडे सरकवलं.

"धर. वरचे चाळीस सेंट तुझ्या चहापाण्याला."

"अगं, पण हे उत्पन्नात दाखवावं लागेल!" गॅविन मोठ्या आशेने व्होलाकडे वळला.

"दाखव की," व्होला म्हणाली. "तेवढं मी फुकट भरून देईन."

गॅविनने नाण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याला लाज वाटली, अगदी खरी. हात आपसूक कानामागच्या पेन्सिलीकडे गेला, पैसे मोजणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकासमोर जायचा तसा.

"माप किती दाराचं, बाई?"

"ते घरी येऊन घ्यावं लागेल," लिनेट म्हणाली. "पत्ता सांगते, लिहून घे."