सव्वा तासाची मरळ

भागीरथानं काडीनं टोचलं. अंगणातलं ओलं पोतं हललं.

“जित्ती हाये,” ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीला टेकली.

पोत्यात मरळ होती. सकाळी सात वाजता तलावातून काढलेली. त्याच वेळी पाहुण्यांची गाडी मुलचेऱ्याहून नागपूरला विमान पकडायला निघाली होती. गुणवंतराव आपल्या मुलासाठी, प्रफुलसाठी भागीरथाच्या नातीला, उर्वशीला मागायला थेट पुण्याहून आले होते. अंतराचा विषय निघाला तर हसून म्हणाले, “फक्त सव्वा तास, मावशी. नागपुरात बसलं की पुण्यात उतरलं.”

“अन् नागपूर काय माह्या अंगणात हाये?” भागीरथानं तिथंच सुनावलं होतं.

तिच्या घरची रीत होती. पोरगी पहिल्यांदा बाळंत झाली की माहेरच्या बाईनं जिती मरळ ओल्या पोत्यात गुंडाळून न्यायची, तिच्या दारात कापायची, तिला रस्सा पाजायचा. वाटेत पोतं पुन्हा भिजवायचं नाही. मरळ जिथवर जिती पोचते, तिथवरच पोरगी द्यायची. भागीरथानं तीन पोरी अशाच दिल्या. चिमूरच्या पलीकडे एकही नाही. म्हणून तिनं पाहुण्यांना सांगून टाकलं, पुण्यात उतरले की फोन करा. तोवर मरळ जगली तर पोरगी तुमची.

“आजी, पण विमानात मासोळी नेऊच देत नाई,” उर्वशी म्हणाली.

“मंग मले तरी कोन बसू देईन? माह्याबी अंगाले तोच वास.”

उर्वशीला हसू आलं नाही. तिच्या हातातला मोबाईल वाजला. तिनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तीन वाजताचं विमान सहाला सुटणार होतं.

“म्हंजे वरतीबी गाड्या खोळंबतात,” भागीरथा म्हणाली. तिला बरंच वाटलं.

उर्वशी पाण्याचा गडवा घेऊन पोत्याजवळून गेली. चालता चालता गडवा कलला.

“हात मांगं घे. मी आंधळी नाई झाली अजून.”

उर्वशीनं गडवा तिथंच खाली ठेवला.

“मले जायचं हाये, आजी,” ती म्हणाली आणि आत गेली.

उन्हं भिंतीवरून खाली आली. पोतं कडेनं वाळून पांढुरकं पडलं होतं. तिनं काडी घेतली, टोचलं. काहीच नाही. पुन्हा टोचलं. शेपटी एकदा थरथरली, बस.

“आजी, बसले ते विमानात!” आतून आवाज आला. “हालते का वो?”

भागीरथानं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. समोरच्या अंगणातही कोणी नव्हतं. तिनं गडवा उचलला आणि सगळा पोत्यावर पालथा केला. खाली ओघळलेलं पाणी पदरानं पुसून घेतलं.

“हालते ना! तू चाय मांड.”

मग ती पोत्याकडे वाकली.

“सव्वा तासाचीच तं गोष्ट हाये, बाई,” ती हळूच म्हणाली.