कानाला पेचकस

वणीच्या कोळसा खाणीतला डंपर सकाळपासून खोकत होता. उरकुडे मिस्त्रीने आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून वर्कशॉपच्या कॅमेऱ्यावर टाकला.

"लवकर करा, भाऊ," जोडीची मिस्त्री मंदा कुजबुजली. छताला टांगलेला यंत्रहात त्या कॅमेऱ्यातून माणसांना पाहून पाहूनच काम शिकायचा. कोळसा पट्ट्यातल्या बाकी खाणींत असल्याच यंत्रहातांनी सगळं शिकून घेतलं, आणि मग तिथल्या मिस्त्र्यांसाठी फाटक उघडलंच नाही.

"एवढं एक त्याले येत नाही. तोवर आपली रोजी हाय," उरकुडे म्हणाला. त्याने पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आतली खरखर त्याला अशीच सापडायची.

त्याने डोळे उघडले तेव्हा मंदा भिंतीला चिकटून उभी होती. कॅमेऱ्यावरचा दुपट्टा नीट घडी करून बाकावर ठेवलेला होता. यंत्रहात खाली आला होता. त्याच्या चिमट्यातल्या पेचकसाचं थंड टोक उरकुडेच्या छातीवर टेकलं.

बराच वेळ यंत्रहात ऐकत राहिला.

"लय धडधडते, भाऊ," यंत्रहात उरकुडेच्याच आवाजात म्हणाला. "हे इंजिन आता उतरवा लागते."