निम्मं-निम्मं

“गृहपाठ स्वतः कर. इथं काय धर्मशाळा उघडलीय?”

वर्गाच्या ग्रुपवर पहिलं उत्तर हे आलं. प्रश्न टाकून दोन मिनिटंही झाली नव्हती. टाकणारी रंगाऱ्याची पोर. वर्गात सगळे तिला ‘मागचं बाक’ म्हणायचे. तीन आठवडे ती कॉलेजात फिरकली नव्हती. का, ते पंचेचाळीस जणांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. आता मात्र सगळ्यांना बोटं फुटली होती.

प्रश्न भौतिकशास्त्राचा. एक फळी दोन दोरांनी टांगली आहे. सामानासकट वजन १६३.५ किलो. दोन्ही दोर तिरपे, आडव्या रेषेशी पंधरा अंशांचा कोन. तीनशे किलोच्या वर ताण गेला की दोर तुटतो. तर तुटेल का?

“१६३.५? असला आकडा कुठल्या पुस्तकात असतो गं? भंगारवाल्याच्या काट्यावरून उचललास का?”

“वर्गात झोपा काढायच्या आणि इथं भीक मागायची!”

मग वर्गातला कॅप्टन आला. “दोन दोर, निम्मं-निम्मं. एकेकावर ब्याऐंशी किलो. बापजन्मात तुटत नाही. चल, फूट आता.”

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

रँकर आपल्या खोलीत बसून हे वाचत होती. वर्गात पहिली येणारी, म्हणून रँकर. मदत करायचा तिला कंटाळा होता, पण दुसऱ्याची चूक दिसली की हात शिवशिवायचे. बाहेरच्या खोलीत तिचे इंजिनिअर बाबा फोनवर खेकसत होते, “अहो, तोल गेला त्याचा! तसंच लिहा ना!” तिनं पायानं दार लोटलं आणि वही ओढली. चार ओळींत गणित सुटलं. खाली झोकात सही ठोकून तिनं फोटो टाकला.

“निम्मं-निम्मं म्हणणाऱ्या गाढवा, दोर तिरपा आहे. जेवढा आडवा, तेवढा ताण जास्त. एकेकावर तीनशे सोळा किलो. तुटणार म्हणजे तुटणारच. तुझ्यासारखा माणूस इंजिनिअर झाला ना, तर लोकांचे जीव घेईल.”

ग्रुपवर टाळ्याच टाळ्या.

“नक्की ना?” मागच्या बाकानं विचारलं.

“माझं गणित कधी चुकलंय? एवढं साधं येत नाही तुला?”

“येतं. मलाही तीनशे सोळाच आलं होतं.”

“मग आमचा वेळ कशाला खाल्लास?”

बराच वेळ नुसतं ‘लिहीत आहे’ दिसत राहिलं. ग्रुपवर कुणीतरी जांभईचं चित्र टाकलं. मग उत्तर आलं.

“फळी चाळीस किलो. रंगाचे दोन डबे छप्पन्न. उरलेले साडेसदुसष्ट किलो माझे बाबा होते. चौकशीत हेच गणित मी तुझ्या बाबांसमोर धरलं. ते हसले. म्हणाले, दोन दोर, निम्मं-निम्मं. पटत नसेल तर आमची पोर तुझ्याच वर्गात आहे, तिला विचार.”