मागून आलेली हाक

लोणखेड्याच्या मळ्यात भर दुपारी धीरज छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो जोडत होता. खोदाईचा तो लोखंडी हात ठोकळ्यांवर टेकवून ठेवला होता आणि ट्रॅक्टर त्याला भिडेपर्यंत मागे न्यायचा होता. मधल्या फटीतून त्याच्या बायकोचा, भूमिकाचा, आवाज येत होता.

"येऊ द्या. आखो येऊ द्या."

"तुन्हा पाय संभाळ, नहीतं मालेच भाकरी करनी पडतीन," तो हसत म्हणाला.

"येऊ द्या."

हातभर अंतर उरलं तेव्हा समोरच्या घरातून भूमिका बाहेर आली. तिच्या हातात जोडणीच्या दोन्ही पिना होत्या.

"घरमाच ऱ्हायी गयात," ती म्हणाली.

धीरजने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं. मागे वळून बघणं त्याला जमलं नाही. तिला थांबवायला त्याने तोंड उघडलं, पण घशातून शब्द निघेना.

आवाज मागून आला. त्याचाच.

"भूमी, पिना लई ये."

"उनू, उनू," म्हणत ती चाकाला वळसा घालून त्या फटीत शिरली.

धीरजने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. बंद ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकू लागला.